नाचणीवर नाचणी

माझ्या गिरणीच्या वजनकाट्यावर गहू कमी आणि तो सायकलवालाच जास्त चढला असेल. रोज सकाळी यायचा. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या, त्यांच्या मधून सायकल आत घालायचा, चपला काढायचा आणि देवळात शिरल्यासारखा काट्यावर उभा राहायचा. आधी एकटा. मग सायकल खांद्यावर घेऊन. मग परत एकटा, कारण पहिल्यांदा बघितलेलं वजन त्याला पटलेलं नसायचं.

"अहो, आमचं दळण मोजायचा काटा आहे हा," एखादी काकू वैतागून म्हणायची.

"काकू, तुमचं दळण आठवड्यात संपतं. मला हे जन्मभर वर चढवायचंय."

वर म्हणजे येऊरच्या डोंगरावर. येऊरचा चढ हा त्याचा सासुरवास होता. वजन थोडं वाढलं तरी सुतकी तोंड करून बसायचा आणि दोष मला द्यायचा. तुझ्या गिरणीतलं पीठ उडून माझ्या अंगावर बसतं, ते वजनात येतं म्हणे. मी म्हणायचो, मेल्या, मग झटक की अंग. तर खरंच झटकायचा. बायकांच्या अंगावर.

माझी बायको हसायची. मला हसू यायचं नाही. गिरणी माझी, गिऱ्हाइकं माझी, आणि दळण घेऊन येणाऱ्या बायका घरी जाऊन याच्याबद्दल बोलायच्या.

मी चिपळूणकडचा. चौथीत शाळा सोडली आणि मामाबरोबर ठाण्याला आलो. नौपाड्यात मामाची गिरणी, ती पुढे माझी झाली. हा सायकलवाला मिरजेकडचा. धंदा काय, तर सायकल. दुकान नव्हे, नुसती चालवायची. एका सरकारी खात्यात त्याला खेळाडू म्हणून नोकरी दिलेली. सही करायची आणि सायकल मारायला जायचं, स्पर्धा आल्या की खात्याचा बनियन घालून पळवायची. महिन्याच्या महिन्याला पगार. मला हे बरीच वर्षं खरं वाटत नव्हतं. मी दिवसभर पट्ट्याच्या आवाजात उभा राहून कान घालवले, आणि हा लोकांना दिसेल असा रस्त्यावर खेळून जेवत होता. एकदा तोंडावर बोललो तसं. तर म्हणाला, "शेट, तू पण बसल्या जागी दगड फिरवतोस की. माझं चाक निदान पुढं तरी जातं."

मला शेट म्हणायचा. चार डबे दळणाऱ्या माणसाला शेट. राग यायचा.

त्याची सायकल साधी नव्हती. ट्रॅकची. ब्रेक नाहीत, आणि मागच्या चाकाला जी मोकळी फिरायची सोय असते तीही नाही. चाक फिरलं की पायडल फिरणारच. पाय थांबवता येत नाहीत. थांबायचं तर पायांनीच चाकाला अडवायचं. अशी सायकल नौपाड्यातून, रिक्षांच्या आणि शाळेच्या पोरांच्या गर्दीतून चालवायची म्हणजे आत्महत्याच. मी सांगितलं, बायकोने सांगितलं, पोलिसांनी सांगितलं. तो म्हणायचा, ब्रेक असला की माणूस बघून चालवत नाही.

ट्रॅक म्हणजे काय ते त्याने मला पिठाच्या परातीत बोट फिरवून समजावलेलं. परातीसारखी गोल जागा, कडा भिंतीसारख्या चढलेल्या. तिथे एक शर्यत असते दोघांची. आणि ती शर्यत, देवा शप्पथ, थांबायची असते. दोघं निघतात, थोडं जातात, आणि मधेच सायकलवर बसल्या बसल्या जागच्या जागी उभे राहतात. पाय टेकवायचा नाही. चाक बोटभर पुढे, बोटभर मागे. कारण पुढे जो जाईल त्याला वारा लागतो, आणि मागचा त्याच्या आडोशाला राहून शेवटी त्याला गाठतो. म्हणून दोघंही दुसऱ्याच्या हलण्याची वाट बघत राहतात.

"आणि लोक हे पैसे देऊन बघतात?" मी विचारलं.

"श्वास धरून बघतात."

"कशाला? दोन माणसं काही करत नाहीत ते बघायला?"

"शेट, काही न करणं सगळ्यात अवघड. करून बघ."

हे ट्रॅकपुरतं असतं तर माझी हरकत नव्हती. पण त्याने ते आयुष्याला लावून घेतलं. तो कुठेही पहिला जायचा नाही. दारातून नाही, पंगतीला नाही, बँकेच्या खिडकीशी नाही. "पुढच्याला वारा," म्हणायचा आणि उभा राहायचा. माझी पोरगी बाळकुमला टॉवरमध्ये राहते. तिच्याकडे सत्यनारायणाला आम्ही तिघं गेलेलो. लिफ्ट आली. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, तू चल. मी म्हटलं, तुला गुडघ्याचा त्रास, तू आधी. तो म्हणाला, तुझं वय जास्त. दार बंद झालं आणि लिफ्ट वर गेली, माझ्या बायकोला एकटीला घेऊन. आम्ही दोघं खाली, एकमेकांकडे बघत. वर पोरगी विचारतेय बाबा कुठे, आणि ही सांगतेय, "खाली शर्यत चाललीय."

लग्न का नाही केलंस, असं माझ्या बायकोने एकदा त्याला विचारलं. ती त्याला भावोजी म्हणायची. सरळ विचारायची, तिला कुणी रागवायचं नाही.

"होती एक, वहिनी. आधी कोण बोलणार यावर अडलं. ती हलेना, मी हलेना. तेवढ्यात तिसराच बाजूने निघून गेला."

बायको हसली नाही त्या दिवशी. त्याच्या डब्यात दोन लाडू जास्त टाकले.

तलावपाळीला तो पहाटे फेऱ्या मारायचा. तळं कायम डाव्या हाताला ठेवून. कारण ट्रॅकवर कायम डावीकडेच वळतात, आणि उजवीकडे वळलं तर अंगाची सवय मोडते, असं त्याचं म्हणणं. पण तिथला रस्ता एकेरी, तळं डाव्या हाताला ठेवून जायचं म्हणजे सगळी गाडी-घोडी अंगावर घेत उलटं जायचं. एक दिवस हवालदाराने अडवलं. मी दूध घेऊन येत होतो, म्हणून सगळं बघितलं. हा थांबला, पण पाय टेकवला नाही. सायकलवरच उभा, चाक बोटभर पुढे, बोटभर मागे.

"खाली उतर."

"बोला की साहेब, ऐकतोय."

"आधी पाय टेकव."

"पाय टेकला की हरलो साहेब."

"कोणाला हरलास? इथे कोण आहे?"

"तुम्ही आहात की."

हवालदार बिचारा तरुण होता. त्याने इकडे तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. ओळख दाखवली असती तर मला पण चौकीत नेलं असतं. शेवटी हवालदारच कंटाळून बाजूला झाला. हा गिरणीत येऊन काट्यावर चढला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "आज एक मारली."

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस शर्यती जिंकत असेल. तिथेच तर माझं डोकं जायचं. रस्त्याच्या शर्यतीत त्याचं सगळं उलटं. तिथे तो सगळ्यात पुढे. दिवसभर वारा छातीवर घ्यायचा, खात्याच्या दुसऱ्या कुणा पोराला आपल्या मागे आडोशाला ठेवायचं, घाट चढून द्यायचा, आणि फीत दिसायला लागली की आपण बाजूला व्हायचं. मागचा ताजातवाना पोरगा पुढे जाऊन हार घालून घेणार. हेच त्याचं काम होतं म्हणे, खात्याने त्याला त्यासाठीच ठेवलेला. एका वर्षी पेपरात फोटो आला. जिंकलेला पोरगा हात वर करून. फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर.

"हे कोपर माझं," तो म्हणाला.

माझ्या बायकोने तो फोटो कापून गिरणीच्या भिंतीला चिकटवला. त्याच्यावर पीठ बसायचं, ती पदराने पुसायची. गिऱ्हाईक विचारायचं, हा कोण तुमचा, मुलगा? ती त्या कोपरावर बोट ठेवायची, "हा आमचा."

मी त्याला विचारलेलं, "ट्रॅकवर कुणाच्या बापासाठी हलत नाहीस, आणि रस्त्यावर दुसऱ्यासाठी मरतोस. हे कुठलं शहाणपण?"

तो म्हणाला, "ट्रॅकवर समोर असतो तो आपला वैरी. रस्त्यावर मागे असतो तो आपला माणूस. कोण कुठे आहे बघायचं आणि मग हलायचं."

बोलायला फार छान बोलायचा. पण सकाळी रांगेत माझ्या गिऱ्हाइकांच्या मधे यायचा तो यायचाच.

पुढे त्याची नोकरी संपली. बनियन गेला, पगाराचं पेन्शन झालं, केस गेले. सायकल मात्र तीच, आणि फेऱ्या त्याच. चालत तो कुठे जायचा नाही. समोरच्या वाण्याकडे काडेपेटी आणायची तरी सायकलवर.

माझ्या बायकोला कॅन्सर निघाला तेव्हाची गोष्ट. किमोला जायचं असायचं. घरून रिक्षा, आणि नौपाड्याची गर्दी तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी रिक्षा निघाली आणि बघतो तर हा पुढे. सायकलवर उभा राहून ओरडतोय, "बाजू! बाजू! पेशंट आहे!" पेरूवाला हटवला, टेम्पोवाल्याच्या पत्र्यावर थाप मारली. रिक्षावाला मला विचारतो, "काका, हा पुढे कोण येडा?"

मी डोकं बाहेर काढून ओरडलो, "अरे, घरी जा! लोक हसतायत!"

"वारा कापतोय!" तो मागे न बघता म्हणाला.

"रिक्षाला कसला वारा, मेल्या!"

माझी बायको स्कार्फमध्ये तोंड घालून हसत होती. इतकी, की तिला ठसका लागला. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "असू दे हो. जाऊ दे त्याला पुढे." मग प्रत्येक वेळी तो पुढे असायचा. हॉस्पिटलच्या दाराशी आला की बाजूला व्हायचा, आम्हाला आत जाऊ द्यायचा, आणि स्वतः आत यायचा नाही. किती वेळा म्हटलं, ये, बस, चहा घे. नाही. फाटकाबाहेर सायकलवर उभा.

आता मूळ गोष्टीवर येतो, जिच्यासाठी मला त्याचा गळा दाबावासा वाटलेला.

माझी बायको दुखण्यातही गिरणीत यायची. मी नको म्हणायचो. स्टुलावर बसून पीठ बघायची, बोटांत धरून चोळायची, दगड जवळ कर, लांब कर, सांगायची. बाहेर कुणी डबा घेऊन आलं की आधी विचारायचं, "काकू, कशावर टाकताय?" म्हणजे आधीचं दळण काय होतं. गव्हावर गहू पाहिजे, ज्वारीवर ज्वारी. कारण दगडात आधीचं थोडं पीठ राहतंच, ते पुढच्याच्या पिठात उतरतं. म्हणून एक धान्य संपलं की ती पीठ पडतं तिथल्या कापडी नळीवर दोन थापा मारायची. धप, धप. नळीतलं राहिलेलं सगळं खाली यायचं. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला. तिची ती थाप नौपाड्यात माहीत होती.

शेवटचं दळण तिने दळलं ते याचं. नाचणी. हा नाचणीच खायचा, हलकी म्हणून. त्या दिवशी तिला उभं राहवत नव्हतं, तरी म्हणाली, भावोजींचं मी करते. दळून झालं, मोटर बंद केली, आणि ती तशीच स्टुलावर बसली. थाप मारली नाही. हात वर होईना. तो समोर उभा होता. डबा उचलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिला ॲडमिट केलं. तिथून ती परत आली नाही. गणपतीच्या आधी.

गिरणी मी बंद ठेवली. लोकांना वाटलं दुःखामुळे. दुःख होतंच. पण खरं कारण असं की तिने दळलेलं ते मूठभर पीठ दगडात आणि नळीत तसंच होतं. मी मोटर चालू केली, वरून दुसऱ्या कुणाचे गहू टाकले, की ते खाली येणार आणि कुणाच्या तरी डब्यात जाऊन चपाती होणार. संपलं. पोरगी म्हणायची, बाबा, चालवायची नसेल तर मोडीत काढा, जागा एका केकवाल्याला हवीय, त्याला भाड्याने द्या, तुम्ही बाळकुमला या. तेही माझ्याच्याने होईना. मोडणारा माणूस दगड उचलणार आणि आधी झाडू मारणार. म्हणून मी शटर अर्धं खाली ओढून आत बसून राहायचो. चालवत नाही, मोडत नाही. हे मी पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं. काय सांगणार? पिठासाठी बसलोय म्हणून?

आणि हा गाढव, तिचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात. सायकलवर.

"शेट, माझं मूठभर पीठ आत राहिलंय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हातात होता तो खराटा फेकून मारला. "माझी बायको गेली आणि तू मूठभर पिठाला आलायस? लाज आहे का?"

"पीठ माझं आहे. वहिनींनी माझं दळलेलं. थाप राहिली. दे काढून."

"चालता हो."

चालता झाला नाही, सायकलवरून गेला. दुसऱ्या दिवशी परत. हँडलला नाचणीचा डबा अडकवलेला. "गिरणी कधी चालू?" मी शिव्या द्यायचो, तो जायचा, सकाळी परत. दिवाळी झाली. थंडी आली. मी त्याच्याशी बोलणं सोडलं, तर तोही बोलेना, पण यायचा थांबला नाही. दारात सायकल आणायचा, थोडा वेळ पाय न टेकवता उभा राहायचा, जायचा. गल्लीत चर्चा. कुणी म्हणे ह्याचं डोकं फिरलंय, कुणी म्हणे म्हाताऱ्याचं. म्हातारा म्हणजे मी.

होळीच्या सुमाराला पोरगी केकवाल्याला घेऊन जागा दाखवायला येणार असं ठरलं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्या सकाळी हा नेहमीसारखा आला. पण गेला नाही.

मी आत स्टुलावर, तिच्या. शटर गुडघ्यापर्यंत खाली. मला त्याच्या सायकलचं पुढचं चाक तेवढं दिसत होतं. बोटभर पुढे, बोटभर मागे. म्हटलं, जाईल. ऊन पायरीवर आलं. गेला नाही. बाहेर माणसं जमलेली कळत होती.

"काय चाललंय, शूटिंग आहे का?"

"नाही हो, ते सायकलवाले काका. गिरणी उघडायची वाट बघतायत."

"मग शटर वाजवा की."

"वाजवत नाहीत. आधी आतल्याने हलायचं म्हणे."

रिक्षावाले भोंगे मारत होते. एक काकू डबा घेऊन वाकून आत बघायला लागल्या, "अहो, गिरणी चालू झाली का?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग यांना तरी घालवा, आमचा रस्ता अडलाय." पोरगी आली, केकवाला बरोबर. ती बाहेरून म्हणतेय, "काका, उतरा हो, चक्कर येईल." तो म्हणतोय, "तुझ्या बापाला सांग."

मी हललो नाही. मनात म्हटलं, तुझा खेळ आहे ना, खेळ. मी पण बघतो. माझी घरी कोण वाट बघणार आहे? बसलो. चाक पुढे, चाक मागे.

मग पायरीवर घामाचा थेंब पडला. मग आणखी. आणि चाक बोटभर नाही, वीतभर हलायला लागलं. लगेच सावरलं, परत वीतभर. चाकाच्या वर मला काही दिसत नव्हतं, पण गिरणीचा दगड सैल झाला की तो पट्ट्याच्या चाकाच्या थरथरीवरूनच मला कळतो, तसं ते कळलं. त्याचे पाय गेले होते. साठी उलटलेला माणूस, गुडघ्याचा पेशंट, डोक्यावर ऊन. टेकवेल पाय, म्हटलं. टेकव ना मेल्या. टेकवत नव्हता. तो पडला असता, पण टेकवला नसता.

मी शटर वर फेकलं आणि बाहेर आलो आणि त्याची सीट धरली. तोंडाला येईल ते बोललो. गाढवा, मरायचंय का तुला, मला आणखी एक सुतक लावायचंय का. सगळ्या गल्लीसमोर ओरडलो, आणि ओरडताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. इतक्या दिवसांत आलं नव्हतं.

तो लाल झालेला, ओठ कोरडे. माझ्याकडे बघून म्हणाला, "हललास."

"हललो, मेल्या. उतर आता."

"डबा घे आधी."

डबा हातात घेतला. सवयीने, खरंच नुसत्या सवयीने तोंडातून गेलं, "कशावर टाकू?"

"नाचणीवर नाचणी," तो म्हणाला. "विचारतोस काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके महिने तो नाचणीच घेऊन येत होता. गहू नाही, ज्वारी नाही. तिच्या पिठावर दुसरं काही पडू नये.

पोरगी काहीतरी बोलत होती, मी ऐकलं नाही. पट्टा चढवला, बटण दाबलं. पट्टा आधी किंचाळला, मग दगड लागले. नाचणी वर ओतली. पहिल्यांदा नळीतून गोळे पडले, जाळी धरलेले, काळपट. मग मऊ पीठ. मी मधे हात धरला होता, तिचं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते बघायला. कळलं नाही. दळून झालं. मी मोटर बंद केली आणि नळीवर दोन थापा मारल्या.

मला त्यातलं थोडं ठेवून घ्यायचं होतं. कागद शोधायला मागे वळलो, तेवढ्यात त्याने डबा उचलला, हँडलला लावला आणि निघाला. मी पिठाच्या हाताने रस्त्यात धावलो. "थांब! अरे, थांब!" त्याला ब्रेक नव्हतेच. केकवाला पोरीला म्हणाला, "ताई, मी नंतर येतो." तो नंतर आला नाही.

आता तो मिरजेला पुतण्याकडे असतो. त्याची चाळ पाडून टॉवर बांधतायत, म्हणून गेला. फोन करत नाही. मीही करत नाही. पुतण्या सांगतो, काका रोज विचारतात, ठाण्याहून फोन आला का. येणार नाही म्हणावं. करायचा तर तू कर.

पण ती नाचणी दळली त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. गिरणी उघडून मी काटा पुसत होतो. तो आला. हातात फडकं, त्यात भाकरी. एका बाजूने जळलेली, एका बाजूने कच्ची, मधे नकाशासारखी फाटलेली.

"डब्याच्या तळाचं चाळून घेतलंय," तो म्हणाला. "सगळ्याची एकच केली."

मी स्टुलावर, तो धान्याच्या पोत्यावर. मीठ नव्हतं, बरोबर काही नव्हतं. कडू लागली.

"कडू आहे," मी म्हटलं.

"पीठ जुनं आहे. कुणी डांबून ठेवलेलं?"

अशा माणसाला काय बोलणार! खाल्ली. दोघांनी मिळून सगळी. शेवटचा एक तुकडा फडक्यावर राहिला, जळलेला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मी हात मागे घेतला. त्यानेही. रस्त्यावर रिक्षा जात-येत होत्या. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत हेच.

मग त्याने तुकडा उचलला. म्हटलं, खाल्लान मेल्याने. त्याने तो माझ्या हातावर ठेवला आणि उठला. काट्यावर चढला नाही. भिंतीवरच्या फोटोवर पीठ बसलेलं, ते बाहीने पुसलं. सायकल हातात धरली आणि गल्लीतून निघाला. पाय टाकत, हळूहळू, लंगडत. इतक्या वर्षांत त्याला चालत जाताना मी तेव्हाच काय तो बघितलं.

तुकडा मी खाल्ला. बाहेर डबे लागायला सुरुवात झाली होती.